गुंतवणूकदार आधी वसुलीची वही मागतो

उन्हाळ्यातल्या एका रविवारी जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेचे मुख्याधिकारी माझ्या कोथरूडच्या घरी आले. सोबत पाणीपुरवठ्याचा अभियंता आणि गुळगुळीत कागदावर छापलेला, विटेएवढा जाड डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल. मैलापाणी शुद्धीकरण केंद्र, त्याच्या छपरावर सौर पॅनेल, शेजारी बाग, बागेत पळणारी मुलं. सगळं संगणकावर काढलेलं, आणि चित्र खरंच छान होतं.

"सर, यात खासगी पैसा आणायचाय. कुणाला भेटायचं तेवढं सांगा."

मी आत चहा सांगितला आणि विचारलं, "मागणी-वसुलीचं रजिस्टर आणलंय का? घरपट्टी आणि पाणीपट्टी, तीन वर्षांचं?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. रजिस्टर ऑफिसात होतं.

माझी सगळी नोकरी बँकेत गेली. शेवटची अकरा वर्षं मी पुण्यातल्या कार्यालयात मोठ्या प्रकल्पांच्या कर्जाचे प्रस्ताव तपासत होतो. रस्ते, पाणी, कचरा, वीज. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे मला मागून 'नाही-साहेब' म्हणायचे, हे निवृत्तीच्या समारंभात कळलं. तेव्हा खाली जे सांगतोय ते टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीतून बघितलेलं आहे. नगरपालिका, महापालिका, पाणी योजना चालवणारी संस्था, कुणीही असा, बाहेरचा पैसा हवा असेल तर याच क्रमाने जा.

आधी वही

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? सावकाराला तुमच्या आडात किती पाणी आहे ते बघायचं असतं. पोहरा किती सुंदर आहे यात त्याला रस नसतो.

मागणी (म्हणजे आकारलेली पट्टी), वसुली आणि थकबाकी हे तीन आकडे छत्तीस महिन्यांचे काढा, आणि महिन्यावारी काढा. वार्षिक आकडा मला कुणी दाखवला की मी तो बाजूला ठेवायचो. कारण आपल्याकडे निम्मी वसुली मार्चमध्ये होते. थकबाकीदाराच्या दारात बँड वाजतो, नळ तोडले जातात, एकतीस तारखेला रात्रीपर्यंत खिडक्या उघड्या असतात. वर्षाचा आकडा फुगतो. कर्जाचा हप्ता मात्र ऑगस्टमध्येही येतो, आणि ऑगस्टमध्ये तुमच्या खात्यात काय असतं तेच मला बघायचं असायचं.

चालू मागणीची वसुली आणि जुन्या थकबाकीची वसुली वेगळी मांडा. दोन्ही एकत्र करून 'ऐंशी टक्के वसुली' असं लिहिलेला कागद मी कितीदा तरी परत पाठवलाय. थकबाकी धुऊन काढायलाही हवी. एकच मिळकत दोनदा नोंदलेली असते, वाडा पडून दहा वर्षं झाली तरी त्याची पट्टी चढत असते, कोर्टात अडकलेल्या रकमा असतात. हे सगळं नावानिशी वेगळं काढलं की थकबाकी कमी दिसते, आणि उरलेली खरी असते. मग नळजोडांची संख्या घरांच्या संख्येशी ताडून बघा. त्यातली तफावत तुम्हाला ठाऊक असतेच. ती गुंतवणूकदाराच्या माणसाने शोधून काढण्यापेक्षा तुम्हीच त्याला सांगितलेली बरी.

हिशेब दुहेरी नोंद पद्धतीने हवेत, लेखापरीक्षण झालेले हवेत, निदान तीन वर्षांचे. नगरपालिकांसाठीची राष्ट्रीय लेखा नियमावली २००४ साली आली. इतक्या वर्षांनंतरही काही ठिकाणी मूळ हिशेब रोकड वहीत असतो आणि दुहेरी नोंद वर्षाअखेरीस सीएच्या ऑफिसात तयार होते. पतमानांकन करणारी मंडळी ते पाच मिनिटांत ओळखतात.

स्वतःचं उत्पन्न आणि सरकारकडून येणारं उत्पन्न यांच्यामध्येही एक रेघ मारा. पुण्याचंच बघा. २०१३ च्या एप्रिलमध्ये जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला. २०१५ च्या ऑगस्टमध्ये बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटी गेला, २०१७ च्या जुलैत जीएसटी आला. चार वर्षांत महापालिकेच्या तिजोरीचा मोठा नळ तीनदा बदलला, आणि चावी प्रत्येक वेळी दुसऱ्याच्याच हातात. म्हणून सावकार घरपट्टी आणि पाणीपट्टी धरून हिशेब करतो, कारण ती तुमची. अर्थात तीही पूर्ण तुमची नसते. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घरांची मिळकतकरातली चाळीस टक्के सवलत गेली, पुन्हा आली, आणि त्यासाठी पीटी-३ अर्ज भरायला रांगा लागल्या. मीही रांगेत होतो. करदाता म्हणून खूश होतो. पण रांगेत उभ्याउभ्याच मनात आलं की हा प्रस्ताव माझ्या टेबलावर असता, तर समासात पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं असतं.

पैसे देणारा कोण, ते ठरल्यावर योजना

चांगली योजना आणि गुंतवणुकीची योजना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नदीकाठचं सुशोभीकरण चांगलं असेल, पण दर महिन्याला त्याचे पैसे कोण देणार? उत्तर 'नगरपालिका' असेल, तर ते कर्ज योजनेवर नाही, नगरपालिकेवर आहे. मग पहिला भाग पुन्हा वाचा.

या मुख्याधिकाऱ्यांच्या गावाजवळ औद्योगिक वसाहत आहे. तिथेच त्यांचा खरा गिऱ्हाईक होता आणि डीपीआरमध्ये त्याला अर्धं पान मिळालं होतं. शुद्ध केलेलं मैलापाणी विकत घेणारे आता बरेच आहेत. नागपूरच्या भांडेवाडीचं पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं. सुरतेचं पांडेसराच्या कारखान्यांना जातं. गाझियाबादने २०२१ मध्ये १५० कोटींचे हरित, म्हणजे पर्यावरणपूरक कामांसाठीचे, कर्जरोखे काढले, ते अशाच केंद्रासाठी, साहिबाबादच्या उद्योगांना पाणी द्यायला.

कागदावर मांडून बघा. समजा केंद्र दहा एमएलडीचं, म्हणजे रोज एक कोटी लिटर, म्हणजे दहा हजार किलोलिटर. कारखाने किलोलिटरला वीस रुपये द्यायला तयार झाले, तर रोजचे दोन लाख, वर्षाचे सात कोटी तीस लाख. यातून वीज, रसायनं, माणसं, दुरुस्ती वजा करा. उरलेल्या रकमेतून हप्ता भरायचा. हप्ता शंभर रुपये असेल तर हातात एकशे तीस उरायला हवेत, असा माझा ठोकताळा. शंभराला शंभर उरत असतील तर पहिला पंप जळेपर्यंतच सगळं ठीक.

आता हाच हिशेब उलटा तपासा. पाणी दहा एमएलडी येईल, हे कशावरून? गावातली निम्मी घरं गटाराला जोडलेलीच नसतील, तर केंद्र अर्धं रिकामं चालतं. मी पाहिलेल्या शुद्धीकरण प्रस्तावांची ही हमखास दुखरी जागा. चेन्नईजवळच्या आलंदूर नगरपालिकेने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस यावर साधा उपाय केला होता. मलनिस्सारण योजना करायची तर जोडणीसाठी घरटी पाच हजार रुपये अनामत आधी भरा, असं लोकांना घरोघरी जाऊन सांगितलं, आणि लोकांनी भरली. ती अनामत म्हणजे रोकड तर होतीच, शिवाय घरं जोडली जाणार याचा पुरावा होता. सावकाराला दुसरी गोष्ट जास्त आवडते.

कारखानदारांकडूनही 'आम्हाला रस आहे' असं पत्र घेऊन येऊ नका. रस मलाही बऱ्याच गोष्टींत आहे. किती पाणी, कोणत्या दर्जाचं, कोणत्या दराने, किती वर्षं, आणि कमी उचललं तरी किमान किती पैसे देणार, एवढं असलेला करार हवा. ते तुम्हाला पाण्याच्या दर्जाची हमी मागतील. मागू दे. ती हमी केंद्र चालवणाऱ्याच्या करारात जशीच्या तशी उतरवा.

कोणती जोखीम कुणाच्या ताटात

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. मोठी माणसंही इथेच चुकलेली आहेत.

महाराष्ट्राला दाभोळचा एन्रॉन वीज प्रकल्प आठवत असेल. विजेचा दर डॉलर आणि इंधनाशी बांधलेला, वीज उचलली नाही तरी ठरलेली रक्कम द्यायची, वर राज्याची हमी आणि तिच्यावर केंद्राची प्रतिहमी. कागदावर सावकारासाठी याहून सुरक्षित काय असणार? पण वीज मंडळाला ती वीज परवडेनाच. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि भांडण वर्षानुवर्षं चाललं. मी तेव्हा कनिष्ठ अधिकारी होतो. आमचे साहेब म्हणाले होते, हमी बघू नका, बिल कोण भरणार आणि त्याला ते झेपतंय का ते बघा. सगळी जोखीम सरकारच्या ताटात वाढली की जेवण काही वर्षांत बाधतं, आणि मग गुंतवणूकदाराचंही पोट बिघडतं.

उलट टोकही तितकंच वाईट. 'जमीन कंत्राटदाराने मिळवावी, परवानग्या कंत्राटदाराने आणाव्यात' अशी कलमं आपल्या टेंडरांत सर्रास दिसतात. सरकारी बाजूला जे एका ठरावाने होतं ते खासगी माणसाला तीन वर्षांत होत नाही. मग तो एक तर येत नाही, किंवा त्या तीन वर्षांची किंमत दरात टाकतो.

केनियात तुर्काना सरोवराजवळ ३१० मेगावॉटचा पवनऊर्जा प्रकल्प आहे. ३६५ पवनचक्क्या २०१७ मध्ये उभ्या राहिल्या. वीज शहराकडे नेणारी चारशेहून अधिक किलोमीटरची वाहिनी बांधणं सरकारी बाजूचं काम होतं, ते २०१८ पर्यंत रखडलं. वारा वाहतोय, चक्क्या तयार, वीज जाणार कुठून? उशिराचा भुर्दंड सरकारवर पडला. आपल्याकडे हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोसाठी विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये पाडावा लागला. त्यानंतर तिथून रोज गेलेल्या कुठल्याही पुणेकराला जागा वेळेत मिळणं म्हणजे काय, हे मी समजावून सांगायला नको.

नीट केलेलं काम बघायचं तर मध्य प्रदेशातला रीवा सौर प्रकल्प बघा. ७५० मेगावॉट, २०१७ चा लिलाव. जमीन सरकारी बाजूने आधी गोळा केली, वीज बाहेर नेण्याची सोय आधी ठरवली, खरेदीदार दोन घेतले: राज्याची वीज कंपनी आणि दिल्ली मेट्रो. पैसे थकले तर आधी पैसे देण्यासाठी राखलेला निधी, आणि शेवटी राज्याची हमी. करारांचे मसुदे बोली लावणाऱ्यांना आधीच दाखवून त्यांच्या शंका ऐकल्या. पहिल्या वर्षाचा दर युनिटला २ रुपये ९७ पैसे निघाला, त्या वेळी कुणाला खरा वाटेना असा. ऊन जवळच्या राज्यांतही तेच होतं. स्वस्त झाली ती भीती.

थकणाऱ्या बिलाची भीती सगळ्यात महाग असते, यावर माझा फार विश्वास आहे. इलेक्ट्रिक बस घ्या. पीएमपी या पुण्याच्या परिवहन संस्थेच्या अशा बसगाड्या पुण्यात २०१९ पासून धावतायत. पद्धत अशी की बस खासगी कंपनीची, तिला किलोमीटरमागे ठरलेले पैसे मिळतात, तिकिटाची रक्कम परिवहन संस्थेची. गर्दी कमी-जास्त झाली तर जोखीम संस्थेकडे, बस बिघडली तर कंपनीकडे. वाटणी योग्य आहे. पण देशातल्या बहुतेक परिवहन संस्था तोट्यात, म्हणून बँका कंपनीला विचारतात की हे किलोमीटरचे पैसे वेळेवर येतील का. अखेर केंद्राने २०२४ मध्ये ३,४३५ कोटींची योजना आणली. संस्थेने पैसे थकवले तर निधीतून कंपनीला द्यायचे, आणि नंतर ते राज्याच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यातून वळते करून घ्यायचे.

नगरपालिकेला एवढं करायची गरज नसते. एस्क्रो खातं उघडा. पाणीपट्टीची रक्कम आधी त्या खात्यात, त्यातून आधी हप्ता, उरलेलं तुमच्या सर्वसाधारण खात्यात. तीन महिन्यांचा हप्ता राखीव ठेवा. यावर लेखापाल कुरकुरतात, कारण पगाराच्या तारखेला हात बांधले जातात. हात बांधले जाणं हाच तर त्या खात्याचा उद्देश.

आणखी एक, परदेशी पैशाबद्दल. स्वस्त व्याजाने डॉलरमध्ये कर्ज देणारे येतील. पाणीपट्टी रुपयांत येते, हे विसरू नका. २०११ च्या सुरुवातीला डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, २०२३ संपताना ८३ झाला होता. तेव्हा शंभर कोटींइतकं डॉलरमध्ये घेतलं असतं, तर मुद्दलच १८४ कोटी झालं असतं, व्याज सोडून. चलनाचा विमा काढता येतो, पण त्याचा खर्च धरला की स्वस्त व्याज फारसं स्वस्त राहत नाही.

भांडं कोणतं

पैसा कोणत्या मार्गाने आणायचा, हे सगळे पहिल्यांदा विचारतात, खरं तर ते शेवटी ठरतं.

मोठी महापालिका असेल तर कर्जरोखे. सेबीचे नियम २०१५ पासून आहेत. पुण्याने २०१७ च्या जूनमध्ये २०० कोटींचे रोखे काढले, दहा वर्षांचे, ७.५९ टक्क्यांनी, चोवीस तास पाणी योजनेसाठी. केंद्राकडून व्याजाच्या मदतीपोटी २६ कोटी मिळाले. इंदूरने २०२३ मध्ये २४४ कोटींचे रोखे सामान्य लोकांनाही विकले, नर्मदेचं पाणी उपसण्याचं वीजबिल कमी करणाऱ्या साठ मेगावॉट सौर प्रकल्पासाठी. मला इंदूरची कल्पना फार आवडते, कारण वाचलेलं वीजबिल हेच उत्पन्न, आणि ते बिल कुणाकडे वसूल करायला जावं लागत नाही. काम सुरू व्हायच्या बेतात असल्याशिवाय मात्र रोखे काढू नका. टेंडर अडकलं तर पैसे मुदत ठेवीत पडून राहतात आणि व्याज चालू राहतं.

छोटी नगरपरिषद असेल तर एकट्याने रोखे काढायच्या भानगडीत पडू नका, खर्चच परवडत नाही. तामिळनाडूत २००२ मध्ये तेरा छोट्या शहरांनी मिळून पाणी आणि मलनिस्सारणासाठी ३०.४१ कोटी उभे केले. आपल्याकडे शेजारच्या दोन नगरपरिषदा एकत्र बसून चहा पीत नाहीत, हा भाग वेगळा. मैलापाण्यासाठी गंगेकाठी वापरलेली हायब्रिड ॲन्युइटी पद्धत बघण्यासारखी आहे. बांधकामाचे चाळीस टक्के बांधताना, साठ टक्के पंधरा वर्षांत, केंद्र नीट चाललं तर. ठेकेदाराला बांधून पळता येत नाही.

आणि व्यवहार्यता तूट निधी, म्हणजे योजनेच्या उत्पन्नातून न निघणाऱ्या उभारणीच्या खर्चासाठी सरकारी मदत. २०२० च्या सुधारणेनंतर पाणी, मैलापाणी, कचऱ्यासाठी केंद्राकडून तीस टक्क्यांपर्यंत, राज्याकडून तितकंच. अट अशी की रोजचा चालवण्याचा खर्च तरी वापरणाऱ्यांच्या पैशांतून पूर्ण निघायला हवा. म्हणजे फिरून वहीच.

'हरित' या शिक्क्याबद्दल दोन वाक्यं. त्याने व्याज फारसं उतरतं असा माझा अनुभव नाही, पण एरवी न उघडणारी काही दारं उघडतात, आणि पैसा कुठे गेला याचा हिशेब दर वर्षी जाहीर करावा लागतो. पिंपरी-चिंचवडने २०२५ मध्ये असे २०० कोटी उभे केले.

टेंडर आणि सभागृह

निविदापूर्व बैठक मनापासून घ्या. तिथे कुणी प्रश्न विचारला नाही तर आनंद मानू नका. कुणालाही प्रश्न नसणं म्हणजे कुणी येणार नाही, किंवा कोण येणार ते ठरलेलं आहे. सल्लागाराला त्याची फी कोणत्या टप्प्यावर मिळते तेही बघा. डीपीआर सादर केला की सगळी फी, असा करार असेल तर तुम्हाला वीट मिळेल.

दरवाढ पहिल्या दिवसापासून ठरावात लिहा. पाणीपट्टी दर वर्षी किती वाढणार ते एकदाच मंजूर करून घ्या. दर मार्चला पुन्हा हात वर करून मतं घ्यायची असतील, तर गुंतवणूकदार तुमच्या योजनेवर नाही, तुमच्या पुढच्या निवडणुकीवर पैज लावतोय. विरोधी पक्षाला रजिस्टर दाखवा, हिशेब समजावा, त्यांची सही घ्या. प्रशासकाच्या काळातल्या ठरावावर मी एकच प्रश्न लिहायचो, निवडून आलेलं सभागृह हे मानणार का? पुण्यातही मार्च २०२२ पासून प्रशासक होते, त्यामुळे हा प्रश्न पुस्तकी नाही.

ते मुख्याधिकारी दिवाळीनंतर पुन्हा आले. या वेळी अभियंत्याच्या जागी लेखापाल बाई होत्या, आणि खाकी कापडात बांधलेली तीन रजिस्टरं. बाईंनी दोन महिने बसून थकबाकी नावानिशी वेगळी काढली होती. नोंद नसलेले नळजोड कोणत्या आळीत किती, हे त्यांना तोंडपाठ होतं, आणि त्यातला एक खुद्द माजी नगराध्यक्षांच्या घरचा निघाला म्हणून त्या हसत होत्या. ऑगस्टचा आकडा अजून वाईटच आहे. पण तो आता सांगता येतो, आणि तो का वाईट आहे तेही.

येत्या गुरुवारी आम्ही तिघं वसाहतीतल्या कारखानदारांकडे जाणार आहोत. डीपीआर नेणार नाही. एक पानी कागद नेतोय: किती पाणी, कोणता दर्जा, काय दर, किमान किती उचलणार. खाली सहीसाठी मोकळी जागा सोडली आहे.